चमचाभर साखर

मिरजेहून कोल्हापूरला येताना रस्त्याच्या कडेला ऊस लागतो. गळीत हंगाम सुरू झाला की मळीचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. आमच्या या मुलखात साखरेचं अप्रूप कुणालाच नसतं. पाहुणा आला की चहा, चहात सढळ हातानं साखर, सांडली तर मुंग्यांच्या वाट्याला. मीही तशीच वाढले. पण गेली काही वर्षं साखरेचा डबा उघडला की माझा हात क्षणभर थांबतो. चमच्यावरचा डोंगर मी बोटानं सपाट करते आणि वरचे दाणे डब्यात परत टाकते. २०१९च्या जानेवारीत, मलावी देशातल्या एका सरकारी रुग्णालयात, पहाटे तीनच्या सुमाराला एका बाईनं पदराची गाठ सोडून मला साखर दिली होती. ते ऋण माझ्यावर आहे. त्या बाईंचं नाव मला ठाऊक नाही. देवाला ठाऊक आहे, पण मला नाही.

मी तिथे का गेले ते आधी सांगायला हवं.

आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. माझ्या पणजीच्या पोटात गोळा होता. गावच्या वैद्यानं हात टेकले होते. पणजोबांनी तिला बैलगाडीत घालून मिरजेला आणलं. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं होतं. हा मूळचा कॅनडाचा माणूस, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं इकडे पाठवलेला. त्यांच्या हाताला यश होतं, आणि ते ऐकून लोक लांबलांबून येत. पणजीचं ऑपरेशन झालं, ती जगली. त्यानंतर तिला झालेली मुलगी म्हणजे माझी आजी. आजी पुढे मिशनमध्येच नर्स झाली. ती सांगायची, रुग्ण एक आणि त्याच्याबरोबर माणसं चार. आवारात तीन दगडांच्या चुली, भाकरीचा धूर आणि झाडाखाली वाळत घातलेली लुगडी. सातासमुद्रापलीकडच्या माणसानं आपल्या पणजीचं पोट शिवलं म्हणून आपण आहोत, ही जाणीव मला कळायला लागल्यापासून आहे. नर्सिंगची चौतीस वर्षं मी त्याच जाणिवेवर काढली.

निवृत्त झाले त्या वर्षी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी एक पत्र वाचून दाखवलं. मलावीतल्या मंडळीला पावसाळ्याचे तीन महिने लहान मुलांच्या वॉर्डात काम केलेल्या नर्सेस हव्या होत्या. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "मी जाऊ का?" ते म्हणाले, "विचारतेस कशाला? तुझी बॅग तर केव्हाच भरलेली दिसतेय." ते खरंच होतं. मनातली बॅग पणजीनंच भरून ठेवली होती.

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला लांबट, चिंचोळा देश. एका अंगाला भलंमोठं सरोवर, दक्षिणेला डोंगर, चहाचे मळे आणि त्यांच्याखाली शिरे नदीचा सखल, तापलेला प्रदेश. १८५९ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन त्या सरोवराशी पोचले. ते मिशनरी होते आणि डॉक्टरही. त्यांच्या पाठोपाठ स्कॉटलंडच्या चर्चनं १८७६ साली तिथे मिशन उभं केलं आणि लिव्हिंग्स्टन यांच्या जन्मगावाचं नाव त्या जागेला दिलं, ब्लँटायर. त्या शहरात १८९१ साली पुरं झालेलं लाल विटांचं देऊळ अजून उभं आहे. पहिल्या रविवारी मी तिथल्या बाकावर बसले. चिचेवा भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं. पण बायकांनी वाद्याशिवाय गायला सुरुवात केली, एकीचा सूर उठला की बाकीच्या त्याखाली दुसरा, तिसरा सूर अंथरत गेल्या, आणि माझे डोळे भरून आले. मिरज आणि ब्लँटायर एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत असं मला त्या बाकावर वाटलं.

तिथल्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी आधीच झाली होती. दोन दिवसांनी मी दक्षिणेकडच्या एका रुग्णालयात रुजू झाले.

गर्दी मला नवी नव्हती. आपल्याकडच्या सिव्हिलमध्ये जमिनीवर गाद्या टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. पण या वॉर्डात शिरले आणि पाय कुठे ठेवावा तेच कळेना. खाटा तीस. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत पाऊस, पावसाबरोबर डास, डासांबरोबर मलेरिया, आणि तोही मेंदूपर्यंत जाणारा, फाल्सिपेरम जातीचा. पाच वर्षांखालची पोरं त्यात पाचोळ्यासारखी सापडतात. एकेका खाटेवर तीन मुलं आडवी निजवलेली, म्हणजे पाय कडेला येतात आणि तिघांची डोकी भिंतीकडे राहतात. खाटेखाली आया आणि आज्या. दोन खाटांमधल्या फटीत आणखी मुलं, रंगीत चितेंजेवर. चितेंजे म्हणजे दोनेक मीटरचं छापील कापड. बाई ते कमरेला गुंडाळते, त्यातच मूल पाठीला बांधते, रात्री तेच अंथरते, आणि वेळ आली तर त्यातच मूल गुंडाळून घरी नेते. पाठीवर असो वा हातांवर, कापड तेच.

सरकारी रुग्णालयात उपचारांना पैसे पडत नाहीत. पण रुग्णाची सेवा करणारं माणूस घरूनच यावं लागतं. त्याला तिथे सगळे 'गार्डियन' म्हणतात. अंग पुसणं, भरवणं, कपडे धुणं, लघवीचं भांडं रिकामं करणं, सलाईन संपत आलं की नर्सला हाक मारणं, सगळं गार्डियनचं. आवाराच्या मागच्या बाजूला त्यांच्यासाठी एक छपरी. तिथे लाकडाच्या चुलींवर मक्याच्या पिठाची न्सीमा शिजते. आपल्या ज्वारीच्या घाट्यासारखी, पण पांढरी आणि घट्ट. त्या छपरीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा धुरानं डोळे चुरचुरले आणि आजीचे तीन दगड आठवले. मी तिला मनात म्हटलं, आजी, तू सांगायचीस ते सगळं इथे आहे गं, जसंच्या तसं.

आमच्या वॉर्डाची सिस्टर माझ्या निम्म्या वयाची होती. तिनं मला काम शिकवलं, हे मी मुद्दाम लिहिते. चौतीस वर्षांचा अनुभव घेऊन गेले होते, पण मेंदूच्या मलेरियाची इतकी मुलं एका आठवड्यात मी कधी पाहिली नव्हती. बेशुद्धी मोजायला आम्ही ग्लासगोचं मोजमाप शिकलेलो. त्यात रुग्णाच्या बोलण्याला गुण असतात. जे मूल अजून बोलतच नाही त्याचं काय करायचं? म्हणून मलावीतच काम करणाऱ्या मॉलिनू आणि टेलर या डॉक्टरांनी लहान मुलांसाठी वेगळं मोजमाप बसवलं. ब्लँटायर कोमा स्केल. शून्यापासून पाचापर्यंत. छातीच्या हाडावर बोटाचं पेर दाबायचं, मूल हात तिथवर आणतं का ते पाहायचं. रडणं कसं आहे ते ऐकायचं. आईचा चेहरा डोळ्यांपुढे फिरवायचा, नजर मागोमाग जाते का बघायचं. दोन किंवा त्याहून कमी भरले की धोका. हे सिस्टरनं मला एका सकाळी सहा मुलांवर करून दाखवलं. आर्टेसुनेटचं इंजेक्शनही तिनंच माझ्याकडून पक्कं करून घेतलं. कुपीतली पूड आधी बायकार्बोनेटमध्ये विरघळवायची, द्रव नितळ होईपर्यंत थांबायचं, मग सलाईन घालून वाढवायचं. पहिला डोस, बारा तासांनी दुसरा, चोवीस तासांनी तिसरा. पूर्वी क्विनीन देत. आफ्रिकेतल्या पाच हजारांवर मुलांवर दोन्ही औषधं ताडून पाहिली गेली आणि २०१० साली सिद्ध झालं की आर्टेसुनेटनं मृत्यू जवळजवळ पाव हिश्श्यानं कमी होतात. "हा पाव हिस्सा आमच्या वॉर्डात चालताबोलता दिसतो," सिस्टर म्हणायची.

तिच्या मावशीच्या वयाच्या कितीतरी नर्सेस इंग्लंडला निघून गेल्या होत्या. इतक्या गेल्या की २००४ साली सरकारला बाहेरून मदत घेऊन आरोग्यसेवकांच्या पगारात ५२ टक्के भर घालावी लागली. मी तिला सांगितलं, आमच्याकडच्या मुलीही आखातात जातात. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणि तुम्ही इकडे आलात." त्यात कौतुक होतं की प्रश्न, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता ती रात्र.

जानेवारीचा शेवटचा आठवडा. वॉर्डात चौऱ्याऐंशी मुलं आणि आम्ही दोघी. क्लिनिकल ऑफिसर म्हणजे तीन वर्षांची पदविका घेतलेले, तिकडे जिल्ह्याची बहुतेक डॉक्टरकी अंगावर घेणारे लोक. रात्रीला ते एकटेच, आणि तेही सिझेरियनला ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेले. बाहेर धो धो पाऊस, पत्र्यावर इतका आवाज की मुलाच्या रडण्याचाही अंदाज येईना. संध्याकाळी मी खिडकीजवळच्या खाटेवरच्या तीन वर्षांच्या मुलीच्या कागदावर 'स्थिर' असं लिहिलं होतं. ती झोपलेली दिसत होती. तिची आई सतरा-अठराची पोर, तीन रात्रींची जागी, मुलीच्या पायांवर डोकं ठेवून कलंडलेली. दर दोन तासांनी मुलीला पाहायचं होतं. मी एक फेरी चुकवली. दुसऱ्या कोपऱ्यात एकाला झटके आले होते, तिकडे गुंतले. ते निस्तरून टेबलाशी कागद भरायला बसले आणि माझे डोळे मिटले. किती वेळ, ते नाही सांगता येणार. चौतीस वर्षांत ड्युटीवर माझे डोळे मिटले नव्हते.

खांद्यावर हात पडला. "जुकानी, अमायी."

त्यांचा तो 'ज' आपल्या जुन्या-जाणत्यातला आहे, म्हणून हे शब्द माझ्या जिभेवर चटकन बसले होते. उठा, बाई.

समोर आगोगो. आगोगो म्हणजे आजी. वॉर्डात अशा वीसेक आगोगो होत्या, पण या शेजारच्या खाटेवरच्या. त्यांचा दोन वर्षांचा नातू पाच दिवस आमच्याकडे होता, रक्त भरूनही तळहात पांढरेच राहिलेले. वयानं त्या माझ्याहून लहानच असाव्यात. उन्हात राबून वाळलेलं शरीर, एक दात नाही. मुलगा खाली शिरेच्या खोऱ्यात ऊसतोडीला जातो एवढं सिस्टरकडून कळलं होतं. मलावीतही ऊस आहे, हे मला त्यांच्यामुळेच समजलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढतच खिडकीशी नेलं. स्वतःच्या नातवापुढून गेल्या, थांबल्या नाहीत. त्या तीन वर्षांच्या मुलीच्या कपाळावर त्यांनी माझा हात टेकवला.

कपाळ थंडगार आणि ओलं. पावसाची ओल म्हणावं तर खिडकी बंद होती. मी छातीच्या हाडावर पेर दाबलं. हात हलला नाही. साखर उतरली होती. मेंदूच्या मलेरियात मुलांची साखर अशी उतरते, चोरपावलांनी, आणि झोपलेलं मूल आणि बुडत चाललेलं मूल लांबून सारखंच दिसतं. हे मला माहीत होतं. माहीत असून मी फेरी चुकवली होती.

सुई पाहिली, शिरेत गोठली होती. डेक्स्ट्रोजची शेवटची बाटली संध्याकाळीच संपली होती, नवी कुलपात. सिस्टर किल्लीसाठी पावसात धावली आणि दारातून ओरडली, "शुगा! जिभेखाली!" शुगा म्हणजे साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांतही हे आहे. शिरेतून देता येत नसेल तर चमचाभर साखर, एक-दोन थेंब पाण्यानं भिजवून, जिभेखाली. मी पुस्तकात वाचलं होतं, केलं कधी नव्हतं. आमच्याकडे डेक्स्ट्रोज असायचंच. आणि साखर आणायची कुठून? वॉर्डात साखर नव्हती.

आगोगोंनी कमरेच्या चितेंज्याच्या टोकाची गाठ दातांनी सोडली. आत प्लॅस्टिकच्या तुकड्यात पिळून बांधलेली साखर. अडीच-तीन चमचे असेल. नातवाच्या पेजेसाठी जपलेली.

त्यांनी ती पुडी माझ्या तळहातावर ठेवली. मागितली नव्हती मी. भाषाच नव्हती मागायला.

मग आम्ही दोघींनी मिळून ते केलं. त्यांनी मुलीचं डोकं एका अंगावर कलतं धरलं, बोटानं खालचा ओठ अलगद उघडला. मी ओली साखर जिभेखाली सरकवली. गिळते की काय, घशात जाते की काय, यावर दोघींची नजर. आई उठून बसली होती, तोंडावर हात दाबून. वीस मिनिटांनी पुन्हा. साखर थोडीशी ओघळून मुलीच्या गालावर आली, ती आगोगोंनी करंगळीनं टिपून परत आत घातली. एक दाणा वाया जाऊ दिला नाही. मी प्रार्थना करत होते. मराठीत आणि मोठ्यानं, माझं मलाच नंतर कळलं. आगोगोही काही पुटपुटत होत्या. ज्याला ऐकायचं होतं त्याला दोन्ही भाषा येतात.

सिस्टर भिजून परत आली, बाटली घेऊन. तिनं टाळूवरची एक बारीक शीर शोधली आणि पहिल्याच प्रयत्नात सुई बसवली. पहाटे पाऊस उणावला. खिडकी करडी झाली तेव्हा मुलीनं डोळे उघडले आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "मादझी." पाणी. मी टेबलाशी गेले आणि 'स्थिर' हा माझा शब्द खोडला. खाली खरं काय घडलं ते वेळेसकट लिहिलं, माझी चुकलेली फेरीही लिहिली. साखर कुणी दिली हे लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

ती मुलगी माझ्या हातून गेली असती. हे वाक्य मी नवऱ्यालाही बरेच महिने सांगू शकले नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शिरेच्या खोऱ्यात महापूर आला. पुढे मोझांबिकमधल्या बैराला उद्ध्वस्त करणारं 'इडाई' चक्रीवादळ जन्मायच्या आधीचाच तो पाऊस. चिक्वावा, न्सांजे या जिल्ह्यांतली गावंच्या गावं पाण्यात गेली, माणसं शाळांत आणि देवळांत राहायला आली. त्या बाजूची कुणी बाई वॉर्डात आली की मी चेहरा पाहायची. कुणाला विचारणार आणि काय म्हणून विचारणार? आगोगो? त्या देशात अर्ध्या बायका आगोगो आहेत. मी परत आले, आणि २३ एप्रिलला बातमी वाचली. मलेरियाची पहिली लस बालकांच्या नित्य लसीकरणात द्यायला मलावीनं सुरुवात केली होती, तो जगातला पहिला देश. मी ती बातमी कापून माझ्या पवित्र शास्त्रात ठेवली आहे. लस पाच महिन्यांच्या बाळापासून देणार होते. तो नातू दोन वर्षांचा होता.

तो त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. आम्ही सगळं केलं. आणखी एकदा रक्त मिळालं होतं, ते निम्मं जायच्या आतच श्वास थांबला. आगोगो मोठ्यानं रडल्या नाहीत. त्यांनी कमरेचं चितेंजे सोडलं, आतलं जुनं विटकं कापड तेवढं अंगावर राहिलं. चितेंज्यात त्यांनी मुलाला गुंडाळलं, चेहरा सर्वात शेवटी. वॉर्डातल्या बाया खाटांखालून एकेक करून बाहेर आल्या आणि उभ्या राहिल्या. कुणीतरी गाणं धरलं, अगदी हलक्या आवाजात, आजारी मुलं जागी होऊ नयेत इतक्या. रविवारी देवळात ऐकलं होतं तसंच, एका सुराखाली दुसरा सूर अंथरलेलं.

गावाकडे जाणारी एक मातोला, म्हणजे उघड्या हौद्याची गाडी, फाटकाशी उभी होती. निघताना आगोगो खिडकीजवळच्या खाटेशी वळल्या. पुडीत राहिलेली साखर मी त्यांना परत दिली होती. ती त्यांनी त्या पोरसवदा आईच्या हातात ठेवली आणि तिची मूठ स्वतःच्या हातानं मिटवली. वाटी-कपाचं बोचकं मी उचललं आणि फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले. चिचेवात मला दुःखाचा एकच शब्द येत होता, पेपानी. तो मी म्हटला. पुन्हा म्हटला.

गाडीवाल्यानं हात देऊन त्यांना वर घेतलं. मुलाला मांडीवर नीट घेऊन त्या बसल्या, बोचकं माझ्याकडून घेतलं, आणि मग वाकून मला विचारलं, "म्वाना अली ब्विनो?" मूल बरं आहे ना?

त्या कुठल्या मुलाबद्दल विचारतायत हे कळायला मला क्षणभर लागलं.

"अली ब्विनो," मी म्हटलं. बरी आहे.

"झिकोमो," त्या म्हणाल्या. झिकोमो म्हणजे आभार. तो शब्द मला म्हणायचा होता, मी तो वॉर्डापासून जिभेवर घेऊन आले होते. पण गाडी सुरू झाली होती.